लग्न केल्यास राजीनामा

(स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलींपुढे केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला इथं बोलावताना तुमच्या अभ्यासिकेच्या ताईंनी विषय दिला होता, ‘यशस्वी स्त्री अधिकारी’. मी हो म्हणून टाकलं आणि घरी आल्यावर विचारात पडले. यशाच्या गोष्टी तुम्ही रोजच ऐकता. या भिंतीवर फोटोही आहेत. फेटा बांधलेली मुलगी, तिला पेढा भरवणारे आई-वडील, मागं गुलाल. हे सगळं मलाही आवडतं. पण त्यात आणखी एका फोटोची भर मी कशाला घालू?

म्हणून मी अशा एका बाईंची गोष्ट निवडली, ज्यांचं नाव तुमच्यापैकी निम्म्या जणींना पाठ आहे. ‘भारतीय परराष्ट्र सेवेतील पहिली महिला कोण?’ उत्तर, सी. बी. मुथम्मा. एक गुण. पुढचा प्रश्न. त्या एका गुणाच्या मागं एक आख्खा कोर्टकज्जा आहे, आणि तो आपल्या प्रत्येकीच्या घरापर्यंत येऊन पोचतो. तो आज सांगते.

मुथम्माबाई कोडगूच्या. कर्नाटकातला कॉफीच्या बागांचा डोंगराळ मुलूख, आपण कूर्ग म्हणतो तो. विराजपेटला २४ जानेवारी १९२४ चा जन्म. वडील जंगल खात्यात अधिकारी होते. मुथम्मा नऊ वर्षांच्या असताना ते गेले. मागं आई आणि चार मुलं. आईनं एकच गोष्ट धरून ठेवली, की चारही मुलं शिकली पाहिजेत. मडिकेरीला शाळा झाली, मद्रासला विमेन्स ख्रिश्चन कॉलेज झालं, मग प्रेसिडेन्सी कॉलेजातून इंग्रजी साहित्यात एम. ए. मी ज्या सल्ला केंद्रावर काम करते तिथं विधवा बायका येतात. घरातला कमावता माणूस गेला की पहिली शाळा सुटते ती मुलीची. हे सतत बघत असल्यामुळं मला या आईचं फार वाटतं. तिचं नाव कुठल्याच सामान्यज्ञानाच्या पुस्तकात नाही.

१९४८ साली मुथम्मा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. देश स्वतंत्र होऊन वर्षच झालेलं. नागरी सेवांची ही परीक्षा पास होणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्यांनी परराष्ट्र सेवा मागितली आणि इथून गोष्ट सुरू होते.

पुढं कोर्टात दिलेल्या अर्जात त्यांनी सांगितलं आहे, की आयोगाच्या अध्यक्षांनी त्यांना या सेवेचा नाद सोडायला सांगितलं. त्यांनी तो सोडला नाही. नंतर कधीतरी त्याच गृहस्थांनी त्यांना स्वतःच सांगितलं, की मुलाखतीत तुम्हाला कमीत कमी गुण मिळावेत म्हणून मी माझं वजन वापरलं होतं. आणि हे सांगताना त्यांना त्यात काही लपवण्यासारखं वाटलं नसावं! इथं बसलेल्या ज्या मुली तोंडी परीक्षेच्या एकेका गुणासाठी आरशापुढं उभ्या राहून सराव करतात, त्यांनी हे वाक्य मनात नीट मुरू द्यावं.

इतकं करूनही मुथम्मा निवडल्या गेल्या. १९४९ मध्ये रुजू होताना त्यांच्यापुढं एक कागद ठेवला गेला. मी लग्न केलं तर नोकरीचा राजीनामा देईन, अशी हमी. त्यांनी सही केली.

आता इथं जरा थांबू या. दुसरीकडं काय चाललं होतं बघा. १९४७ मध्येच आपल्या सरकारनं विजयालक्ष्मी पंडित यांना मॉस्कोला राजदूत म्हणून पाठवलं होतं. त्या विधवा होत्या, तीन मुलींच्या आई होत्या. रणजित सीताराम पंडित हे त्यांचे यजमान १९४४ मध्ये गेले, तेव्हा मुलगा नाही म्हणून त्या काळच्या हिंदू कायद्यानं विजयालक्ष्मींना नवऱ्याच्या इस्टेटीत हक्क मिळाला नव्हता. १९५३ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या आणि १९६२ ते १९६४ आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल. म्हणजे बाईला परदेशात काम जमत नाही, घरदार आडवं येतं, हे सरकारला खरंच वाटत होतं असं म्हणता येणार नाही. वरून नेमलेली एक बाई चालत होती. परीक्षा देऊन, हक्कानं, रांगेतून आत येणारी बाई चालत नव्हती. एकीला आत घेतलं की मागून दुसरी येते, तिसरी येते, हे त्यांना कळत होतं.

आणखी एक गंमत सांगते. १९५१ मध्ये केरळच्या अन्ना राजम प्रशासकीय सेवेच्या मुलाखतीला गेल्या. मुलाखत मंडळानं त्यांना समजावलं, की कलेक्टरकी तुम्हाला झेपणार नाही, त्यापेक्षा परराष्ट्र सेवा घ्या, ती बायकांना शोभेशी आहे. तीनच वर्षांपूर्वी मुथम्मांना परराष्ट्र सेवा घेऊ नका म्हणून सांगितलं होतं! बाई ज्या दारात उभी असेल ते दार तिच्या योग्यतेचं नाही, शेजारचं आहे. अन्ना राजम अडून बसल्या. त्यांच्या नेमणुकीच्या हुकमातही लग्न केल्यास सेवा संपेल अशी अट होती. ती पुढं काही वर्षांत गेली. त्यांनी नंतर लग्नही केलं आणि नोकरीही पुरती केली. आपल्या उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीची जबाबदारी याच अन्ना राजम मल्होत्रांकडं होती. 

परराष्ट्र खात्यात मात्र अट नुसती राहिली नाही, तर पक्की झाली. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. कलम १६ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की सरकारी नोकरीत केवळ लिंगाच्या कारणानं भेदभाव करता येणार नाही. ते कलम तुम्हाला पाठ आहे. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६१ मध्ये, परराष्ट्र सेवेचे नवे नियम झाले. त्यात दोन कलमं घातली. एक असं, की सेवेतल्या स्त्रीनं लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घेतली पाहिजे आणि लग्नानंतर तिच्या घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येतील असं सरकारला वाटलं, तर तिला केव्हाही राजीनामा द्यायला सांगता येईल. दुसरं असं, की विवाहित स्त्रीला या सेवेत नेमणूक मिळण्याचा हक्क राहणार नाही.

‘वाटलं तर’ हा शब्द बघा. नियम कुणाला काढा म्हणत नाही. सरकारला वाटलं तर, एवढंच म्हणतो. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं तेव्हा आम्हाला नियम, योजना, शासननिर्णय वाचायला शिकवलं होतं. पण अशा नियमाचं खरं काम कसं चालतं, ते मी केंद्रावरच्या बायकांकडून शिकले. अशा नियमाखाली कुणाला काढून टाकावंच लागत नाही. मुली स्वतःहून निघून जातात. काही लग्न पुढं ढकलत राहतात. काही अर्जच करत नाहीत. मग कागदावर सगळं स्वच्छ दिसतं, एकीलाही काढलेलं नाही! रमा मेहता हे नाव तुम्ही साहित्य अकादमीच्या यादीत वाचलं असेल. ‘इनसाइड द हवेली’ या कादंबरीसाठी १९७९ चा पुरस्कार त्यांना मिळाला, मृत्यूनंतर. त्या परराष्ट्र सेवेत अगदी सुरुवातीला आलेल्या बायकांपैकी. त्याच सेवेतल्या जगत मेहतांशी त्यांचं लग्न झालं आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. जगत मेहता १९७६ मध्ये परराष्ट्र सचिव झाले. एकच सेवा, एकच लग्न. त्याच्या नोकरीत ते कुठंच आडवं आलं नाही.

उलट पुरुष अधिकाऱ्याच्या लग्नानं सरकारचा फायदाच होत होता. वकिलातीतला अधिकारी म्हटला की पाहुणे आले, मेजवान्या आल्या, कुणाच्या पंगतीला कोण बसणार हे बघणं आलं, परक्या मुलखात दर तीन वर्षांनी घर मांडणं आणि मोडणं आलं. हे सगळं त्याची बायको करायची, बिनपगारी. म्हणजे पुरुषाचं लग्न झालं की सरकारला एका पगारात दोन माणसं मिळत आणि बाईचं झालं की सरकारला भीती, आपलं अर्धं माणूस गेलं. घरकामाला किंमत नाही असं आपण म्हणतो ना, ते पूर्ण खरं नाही. किंमत सगळ्यांना नीट ठाऊक असते. फक्त ती कुणी द्यायची हे ठरलेलं असतं.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. ब्रिटनच्या परराष्ट्र सेवेतही लग्न झालेल्या बाईला जागा नव्हती आणि तो नियम १९७० नंतरच गेला. आपण साहेबाकडून रेल्वे घेतली, टपाल घेतलं, तसं हेही घेतलं. फरक एवढाच, की साहेबाकडं लिखित संविधान नव्हतं. आपल्याकडं होतं.

मुथम्मांनी लग्न केलं नाही. यावर लोक दोन प्रकारे बोलतात. ‘देशासाठी त्याग केला’ हा एक प्रकार आणि ‘बिचारी एकटी राहिली’ हा दुसरा. मला दोन्ही पटत नाहीत. त्यांना लग्न हवं होतं की नको, हा त्यांचा प्रश्न. माझा आक्षेप त्या कागदावरच्या सहीला आहे. नको असणं आणि नाकारलेलं असणं यात फरक आहे, आणि ती सही असेपर्यंत तो फरक बाहेरच्या माणसाला कळूच शकत नाही. कदाचित स्वतःलासुद्धा.

काम त्यांनी चोख केलं. पॅरिसला सुरुवात झाली, मग रंगून, लंडन, दिल्लीत खात्यात. १९७० मध्ये त्या हंगेरीला राजदूत म्हणून गेल्या. सेवेतून वर चढत राजदूत झालेली ही पहिली भारतीय स्त्री. पुढं घानाला. आणि मग बढतीची वेळ आली. परराष्ट्र सेवेतली सर्वांत वरची श्रेणी. ती त्यांना नाकारली गेली. कारण काय, तर गुणवत्ता पुरेशी नाही.

इथवर आलेली बाई साधारणपणे काय करते? गप्प बसते. पंचावन्न वर्षांचं वय, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, राजदूतपदाचा मान. कशाला आता, असं म्हणणारी माणसं तेव्हाही असणारच. मुथम्मांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. नोकरीत असताना, आपल्याच खात्यावर, आपल्याच सरकारवर. अर्जात त्यांनी फक्त आपली बढती मागितली नाही. लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांपासूनची सगळी हकीकत मांडली. ती लग्नाची हमी मांडली. बाई आहे म्हणून वेळोवेळी काय सोसावं लागलं ते मांडलं. बढत्या ठरवणाऱ्यांच्या मनात बायकांविषयीच आकस आहे असं सरळ लिहिलं. आणि १९६१ चे ते दोन नियम घटनाबाह्य आहेत असं म्हटलं.

अर्ज पडल्यावर एक चमत्कार झाला. निकालाच्या आधीच त्यांना बढती मिळाली. गुणवत्ता काही महिन्यांत वाढली म्हणायची!

१७ सप्टेंबर १९७९ ला निकाल आला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिला. बढती मिळाली असल्यामुळं अर्ज तेवढ्यापुरता निकाली काढला, पण प्रश्न निकाली निघालेला नाही असं बजावलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. बाईच्या लग्नानं सरकारी कामाला धोका असेल तर पुरुषाच्या लग्नानंही आहे. घरच्या जबाबदाऱ्या बाईच्या कामाआड येत असतील तर पुरुषाच्याही येऊ शकतात. मग नियम एकीलाच का? स्वातंत्र्याची लढाई ही बायकांच्या गुलामीविरुद्धचीही लढाई होती, ते आपण विसरलो का, असंही त्यांनी विचारलं. सरकारी वकिलांनी सांगितलं, की दुसरा नियम १९७३ मध्येच काढला आहे आणि पहिला काढण्याचं काम चालू आहे. न्यायालय म्हणालं, नुसतं एवढ्यावर थांबू नका, सगळ्याच सेवानियमांतून हा डाग धुऊन काढा. काही महिन्यांच्या फरकानं मुथम्मांच्या पुढं गेलेल्या कनिष्ठांच्या बाबतीत त्यांच्या ज्येष्ठतेचा पुन्हा विचार करा, असंही सांगितलं.

तारखेकडं लक्ष द्या. बरोबर आदल्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७९ ला, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या वसुधा धागमवार या चौघा कायदेतज्ज्ञांनी त्याच न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं होतं. मथुरा खटल्याबद्दल. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला होता आणि अंगावर खुणा नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पोलिसांना सोडलं होतं. त्या पत्रातून १९८० ची निदर्शनं उभी राहिली, आपली चळवळ उभी राहिली. म्हणजे एका न्यायालयात एकाच आठवड्यात दोन बायका. एक राजदूत, एक मजूर मुलगी. राजदूत बाईंना न्याय मिळाला आणि मथुरेला नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

म्हणून मागं एका शिबिरात मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा एक कार्यकर्ती उठून म्हणाली, ‘ताई, या मोठ्या घरच्या बायकांच्या बढत्यांशी आमचा काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे. त्या दिवशी मला उत्तर नीट देता आलं नाही. घरी येऊन शोधलं तेव्हा एक जुना निकाल सापडला. तो १९६५ चा आहे, म्हणजे मुथम्मांच्या चौदा वर्षं आधीचा.

मुंबईतल्या एका औषध कंपनीतल्या बायका. औषधं डब्यांत भरायची, लेबलं लावायची, ते पॅकिंगचं काम. तिथं नियम असा, की मुलीचं लग्न झालं की नोकरी संपली. कंपनीचं म्हणणं, काम तुकडीनं चालतं, लग्न झालेल्या बायका खाडे फार करतात, तुकडी अडते. बायका संघटनेकडं गेल्या. बॉम्बे लेबर युनियननं लढा दिला. औद्योगिक न्यायाधिकरणात दाद मिळाली नाही, तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयानं विचारलं, की बिनलग्नाच्या मुलीच्या घरी आजारी आई-बाप नसतात का? विधवेला मुलं नसतात का? त्या खाडे करणार नाहीत हे कशावरून? राहता राहिली बाळंतपणाची रजा, तर त्यासाठी चार बायका जास्तीच्या ठेवा. नियम रद्द.

राजदूत बाईंच्या बाबतीत न्यायालयानं जे १९७९ मध्ये म्हटलं, ते पॅकिंगवाल्या बायकांनी १९६५ मध्येच मिळवून ठेवलं होतं. तरी दिल्लीत १९६१ चे नियम पुढं चालूच राहिले. कामगारणींना मिळालेला निकाल वकिलातीत काम करणाऱ्यांना लागू होतो, असं कुणाच्या मनातही आलं नसेल. आता त्या कार्यकर्तीनं विचारलं, तर मी उलटंच सांगीन. बाई, संबंध आहे, पण तो वरून खाली येत नाही. या वेळी तो खालून वर गेला.

आणि आपल्याकडं बीडमध्ये काय दिसलं? ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. तिला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो, एकट्या बाईला नाही. म्हणजे इथं लग्न ही नोकरीची अट. पण लग्न पाहिजे आणि त्या लग्नातून येणारी पाळी, गरोदरपण, बाळंतपण नको, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. तरुण वयात गर्भपिशव्या काढून टाकलेल्या बायका इतक्या संख्येनं पुढं आल्या, की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. परराष्ट्र खात्याला बाई हवी होती लग्नाशिवायची. मुकादमाला हवी होती लग्नाची, पण गर्भपिशवीशिवायची. बाईचा कुठला भाग कामावर घ्यायचा आणि कुठला गेटबाहेर ठेवायचा, हे ठरवणारा प्रत्येक ठिकाणी दुसराच कुणीतरी आहे.

मुथम्मांच्या निकालानं सगळं मिटलं असंही नाही. त्या निकालातच एक फट आहे. सगळ्या कामांत, सगळ्या परिस्थितीत स्त्री-पुरुष सारखेच, असा सरसकट सिद्धान्त आम्ही मांडत नाही, असं न्यायमूर्तींनी म्हटलं आहे. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, एअर इंडियाच्या नर्गेस मिर्झा यांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं पहिल्या गरोदरपणाला हवाई सुंदरीला काढण्याचा नियम रद्द केला, पण नोकरी लागल्यापासून चार वर्षांत लग्न करायचं नाही ही अट चालू ठेवली. त्याचं एक समर्थन काय, तर त्यानं कुटुंबनियोजनाला मदत होते! सैन्याच्या परिचर्या सेवेतल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून काढलं. मुथम्मांचा निकाल येऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांना सर्वोच्च न्यायालयाकडून न्याय मिळाला फेब्रुवारी २०२४ मध्ये. साठ लाख रुपये भरपाई. छत्तीस वर्षं लढल्या त्या. हा प्रश्न चालू घडामोडींत येऊ शकेल, लिहून ठेवा. आणि मधली छत्तीस वर्षंही शेजारी लिहून ठेवा.

मुथम्मांचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. शेवटची नेमणूक नेदरलँड्सला, हेगला. १९८२ मध्ये निवृत्त झाल्या. स्वीडनच्या ओलोफ पाल्मे यांच्या अध्यक्षतेखालच्या निःशस्त्रीकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगावर भारताकडून त्या होत्या. निवृत्तीनंतर लिहीत राहिल्या. राज्यकारभाराच्या पद्धतीवर सडकून टीका करणारं एक पुस्तक लिहिलं आणि कोडगूच्या स्वयंपाकावर एक पुस्तक मैत्रिणीबरोबर केलं. मला हे दुसरं पुस्तकही तितकंच आवडतं. १४ ऑक्टोबर २००९ ला बेंगळुरूला त्या वारल्या. त्या वेळी परराष्ट्र सचिव एक स्त्री होती, निरुपमा राव. त्यांच्या आधी २००१ मध्ये चोकिला अय्यर होऊन गेल्या होत्या, नंतर २०१३ मध्ये सुजाता सिंग झाल्या.

आता माझं सांगते, कारण ते न सांगता हे सगळं दुसऱ्यांवर बोट दाखवल्यासारखं होईल.

एम. एस. डब्ल्यू. झाल्यावर मी एका संस्थेत मुलाखतीला गेले. बायकांच्या प्रश्नांवरच काम करणारी संस्था. चांगले प्रश्न विचारून झाल्यावर एक सर म्हणाले, ‘लग्नाचं काय ठरलंय?’ मी म्हटलं, ‘सर, इतक्यात नाही.’ खरं म्हणजे घरी बोलणी चालू होती. माझ्या पिशवीत हुंडाबंदी कायद्यावरचा मीच लिहिलेला निबंध होता, तो त्यांना दाखवायला नेला होता. त्याच पिशवीवर हात ठेवून मी खोटं बोलले. नोकरी मिळाली. मुथम्मांच्या सहीवर बोलताना मला माझं हे वाक्य आठवतं. कागद नव्हता, एवढाच फरक.

पण खरी लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. गेल्या वर्षी आम्हाला केंद्रावर क्षेत्र कार्यकर्ती नेमायची होती. मुलाखत घेणाऱ्यांत मी होते. एक मुलगी आली. तयारी चांगली, बोलणं स्वच्छ, वस्तीतच वाढलेली. तिच्या अर्जात अनुभवाच्या रकान्यात दोन वर्षांचा खंड होता. मी विचारलं. ती म्हणाली, मूल झालं. आणि मी, बाईच्या कामाच्या हक्कावर भाषणं देणारी मी, तिला विचारलं, ‘मग गावोगाव फिरणं जमेल का गं? बाळ कुणाकडं ठेवशील?’ माझा आवाज प्रेमाचा होता. मला तिची काळजीच वाटत होती. त्याआधी एका मुलाची मुलाखत झाली होती. त्यालाही लहान मूल होतं, अर्जावरूनच दिसत होतं. त्याला मी विचारलं नव्हतं. विचारायचं मनातच आलं नाही.

ती मुलगी म्हणाली, ‘ताई, माझी सासू सांभाळते. पण तुम्ही विचाराल असं वाटलं नव्हतं.’

तिला आम्ही घेतलं. ती आता काम करते आणि माझ्यापेक्षा चांगलं करते. पण आमच्या मुलाखतीच्या कागदावर आम्ही आता एक गोष्ट लिहून ठेवली आहे. लग्न, मूल, सासर यांबद्दल काहीही विचारायचं नाही, विचारायचंच असेल तर सगळ्यांना, पुरुषांनाही, त्याच शब्दांत. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे फार ताणल्यासारखं वाटतं. वाद अजून चालू आहे.

इथं येण्याआधी तुमच्यापैकी दोघीतिघींशी चहा घेताना बोलले. एकीनं सांगितलं, की घरच्यांनी दोन वेळा परीक्षा द्यायची मुभा दिली आहे, तिसऱ्यांदा नाही, मग लग्न. भावाला? ‘भावाला असं काही नाही. तो पाचव्यांदा बसलाय.’ तिनं हे अगदी सहज सांगितलं, पावसाचं सांगावं तसं. हीसुद्धा हमीच आहे, फक्त ती घरात, जेवताना, तोंडी घेतलेली आहे. आणि त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही. बाबांशी बोलायचं असेल तर मी येईन, असं तिला म्हणाले आहे. आईशी आधी बोलू, असं ती म्हणते. ते मलाही बरोबर वाटतं.

मुथम्मांच्या निकालाच्या झेरॉक्स मी आणल्या आहेत. इंग्रजीत आहे, थोडकीच पानं आहेत, भाषा जरा अलंकारिक आहे पण समजते. शेवटी एका पानावर दोन्ही नियमांचा मराठीत मतलब मी हातानं लिहिला आहे. पंधराच प्रती आहेत, दोघींत एक घ्या. आणि आता प्रश्न विचारा. मागच्या बाकावरच्या मुलींपासून सुरुवात करू या, पुढच्या नेहमीच आधी विचारतात.